लेकीचं वजन जास्त, आणि डॉक्टरांनी हिस्टरी विचारली माझी!

चिंचपेटी | ११ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज राहवलं नाही म्हणून पहिलाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

लेक सव्वाचार वर्षांची. परवा बूस्टरच्या इंजेक्शनला घेऊन गेलो. नर्सनी उंची-वजन घेतलं, १०४ सेमी आणि २१ किलो. आमचे डॉक्टर फाइलीतल्या त्या आलेखावर बॉलपेनानी टिंब काढतात दरवेळी. मधे दीडदोन वर्षं आम्ही फक्त सर्दीतापाला जात होतो त्यामुळे टिंबं काढलीच नव्हती, आणि आता काढलं ते थेट वरच्या रेघेच्या पलीकडे. त्यांनी मागची टिंबं आणि हे टिंब पेनानी जोडलं, रेघ नुसती जिना चढल्यासारखी. म्हणाले ओव्हरवेटमधे गेलीय.

मला वाटलं आता विचारतील काय खाते, किती खेळते. तर नाही. गरोदर राहायच्या आधी तुमचं वजन किती होतं? नऊ महिन्यांत किती वाढलं? शुगर होती? सिझर का नॉर्मल? जन्माचं वजन? वरचं दूध कधीपासून? मी उत्तरं देतेय : ७५ (उंची १५७), १७ किलो वाढलं, हो अठ्ठाविसाव्या आठवड्यात शुगर निघाली पण डाएटवर भागलं, सिझर, ३.९ किलो, दुसऱ्या आठवड्यापासून. प्रत्येक उत्तराला ते मान हलवून लिहून घेतायत आणि शेजारी सासूबाई बसल्यात. रिक्षात बसल्यावर पहिलं वाक्य, "आमच्याकडे नाही हो कुणी अंगानी".

तर प्रश्न असा, की पोटात असतानाच्या गोष्टींनी चार वर्षांच्या पोरीचं वजन ठरतं का खरंच? का हे आपलं आईला धरायचं म्हणून धरायचं? आणि ठरत असेल तर आता काय करायचं, मागे तर जाता येत नाही.

---

ढब्बूमिरची | ११ जून, रात्री १०:५८

३.९ किलोचं बाळ झालं तेव्हा पेढे वाटताना हेच सगळे लोक "काय गुटगुटीत आहे हो" म्हणाले असतील याची खात्री आहे.

---

चिंचपेटी | ११ जून, रात्री ११:०३

सासूबाईंनी तर मीठमोहऱ्या ओवाळल्या होत्या दोनदा, दृष्ट लागेल म्हणून.

---

सुदृढबालक८३ | ११ जून, रात्री ११:२०

आमचा आयडी बघा. १९८३ साली तालुक्याच्या सुदृढ बालक स्पर्धेत पहिला नंबर, बक्षीस म्हणून स्टीलचा डबा आणि दूध पावडरचा डबा. दूध पावडर संपली. स्टीलचा डबा अजून आहे, त्यात आता माझ्या शुगरच्या गोळ्या असतात.

---

निंबोणी | १२ जून, सकाळी ७:१५

सुदृढबालक, सकाळी सकाळी चहा नाकात गेला.

चिंचपेटी, तुझा राग समजतोय गं. पण डॉक्टर सासूबाईंसमोर विचारत होते हे चुकलं, प्रश्न चुकले नाहीत. माझ्या थोरल्याच्या वेळी मलापण शुगर होती. त्यावेळी काही त्रास होत नाही ना, चक्कर नाही काही नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं रिपोर्टमधेच काहीतरी आहे. ते ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तास क्लिनिकच्या बाकावर बसायचं, उलटी आली तर परत पहिल्यापासून. मी दोनदा प्यायले.

---

पाटीपेन्सिल | १२ जून, सकाळी ८:४०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, सांगलीकडे प्रॅक्टिस. ओपीडीच्या आधी जमेल तेवढं लिहितो.

आधी आकडा. २१ किलो आणि १०४ सेमी म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) साधारण १९.४. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना डब्ल्यूएचओचे २००६ चे तक्ते लावतात, त्यात मधल्या रेघेच्या वर +१, +२, +३ अशा रेघा असतात, +२ च्या वर ओव्हरवेट, +३ च्या वर ओबीस (लठ्ठ). तुमची लेक दोन आणि तीनच्या मधे. म्हणजे डॉक्टर बरोबर बोलले, आणि ओबीस म्हणाले नाहीत हेही बरोबर. पाचच्या पुढे गेली की मोजमाप बदलतं, तिथे +१ लाच ओव्हरवेट धरतात, त्यामुळे पुढच्या वर्षी तेवढ्याच बीएमआयला कुणी जास्त गंभीर शब्द वापरला तर दचकू नका.

आता पोटातल्या गोष्टी. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्शुलिन जात नाही. मग बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड जादा इन्शुलिन बनवतं आणि इन्शुलिनचा धंदाच चरबी साठवायचा. म्हणून शुगर असलेल्या आयांची बाळं जन्मताना मोठी, खांदे आणि पोट भरलेली. इथवर कुणाचंही दुमत नाही. पुढच्या वजनाचं मात्र, म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षी, सगळ्यात ठळक नातं सापडतं ते आईच्या गरोदरपणाआधीच्या वजनाशी. नऊ महिन्यांत वाढलेलं वजन त्याच्या नंतर. तुमचा त्यावेळचा बीएमआय ३० च्या थोडा वर होता, त्याला अमेरिकन मार्गदर्शिकेत (२००९ ची) ५ ते ९ किलो वाढ धरलेली आहे. १७ म्हणजे जवळपास दुप्पट. हे तुम्हाला त्यावेळी कुणी सांगितलं होतं का?

---

चिंचपेटी | १२ जून, सकाळी ९:०५

कुणीही नाही डॉक्टर. प्रत्येक व्हिजिटला वजन घ्यायचे, लिहायचे आणि "छान वाढतंय" म्हणायचे. घरी तर दोन जिवांची आहेस, खा. रात्री दहाला केशर घातलेलं दूध ठरलेलं, आवडत नव्हतं तरी.

---

खारेदाणे | १२ जून, सकाळी ९:३१

आईचं वजन, आईची शुगर, आईचं दूध, आईचं सिझर. बापाचा रकाना कुठे आहे त्या फॉर्मवर? आमच्या सोसायटीत चाळिशीतले सगळे बाप पोटावर लॅपटॉप ठेवून काम करतात, त्यांना कुणी विचारत नाही लग्नाआधी वजन किती होतं. "आमच्याकडे नाही कुणी अंगानी" म्हणणाऱ्या सासूबाईंच्या चिरंजीवांचा पट्टा कितव्या भोकावर आहे ते विचारा आधी.

---

चिंचपेटी | १२ जून, सकाळी ९:३४

खारेदाणे, पट्टा शेवटच्या भोकावर आहे. त्यापुढचं भोक घरी खिळा तापवून पाडलेलं आहे.

---

सुदृढबालक८३ | १२ जून, सकाळी ९:५०

खिळेवाले बंधू आहेत तर! त्यांना माझा नमस्कार सांगा.

---

पाटीपेन्सिल | १२ जून, दुपारी २:१०

खारेदाण्यांचा मुद्दा रास्त आहे. बापाचं वजनही मुलात दिसतं, जनुकं आणि घरातलं ताट दोन्हींमुळे. पण "सगळं जनुकांतच असतं, पोटात काही नाही" असं असतं तर एक गोष्ट जुळत नाही. अमेरिकेत ॲरिझोनात पिमा नावाचे आदिवासी आहेत, त्यांच्यात मधुमेह प्रचंड. तिथे सख्ख्या भावंडांचा अभ्यास झाला, २००० साली छापून आला. आई तीच, बाप तोच, एक मूल आईला मधुमेह व्हायच्या आधीचं आणि एक नंतरचं. नंतरच्या मुलांचा बीएमआय जास्त निघाला. बापाला मधुमेह झाला त्याच्या आधीची आणि नंतरची मुलं तपासली तर तसा फरक नाही. म्हणजे पोटातल्या साखरेचा स्वतःचा असा काही हात आहे.

पण लगेच दुसरी बाजूही सांगतो. ऑस्ट्रेलियात सौम्य शुगरवाल्या गरोदर बायकांमधे अर्ध्यांना व्यवस्थित उपचार दिले, अर्ध्यांना नेहमीचीच काळजी. उपचारवाल्यांची बाळं जन्मताना मोठी निघण्याचं प्रमाण खूप कमी झालं. तीच मुलं चार-पाच वर्षांची झाल्यावर बीएमआय मोजला तर दोन्ही गटांत फरकच नाही. तेव्हा जन्माचं वजन आटोक्यात ठेवलं म्हणून पुढचं सगळं सुटत नाही आणि जन्माचं वजन जास्त म्हणून पुढचं सगळं ठरतही नाही.

---

विहीणबाई | १२ जून, दुपारी ३:०२

इतकं वाचून एकच कळलं की डॉक्टर लोकांना पण नक्की माहीत नाही.

---

टिंबटिंब | १२ जून, दुपारी ३:४५

विहीणबाई, असं नाही हो. मी आइंदहोवनला असते, नेदरलँड्समधे, इथे हा विषय शाळेच्या इतिहासात येतो. १९४४-४५ चा हिवाळा, जर्मनांनी पश्चिम भागाची रसद तोडली, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खात होते, माणशी रेशन हजार कॅलरीच्या खाली गेलं होतं. त्या उपासमारीत जी मुलं पोटात होती ती १९ वर्षांची झाल्यावर सैन्यभरतीच्या तपासणीला आली, तीन लाख पोरांची नोंद होती सरकारकडे, १९७६ साली त्यावर पेपर आला. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात आई उपाशी होती त्या मुलांमधे लठ्ठपणा जास्त. शेवटच्या तीन महिन्यांत उपाशी होती त्यांच्यात कमी! तीच उपासमार, तेच गाव, फक्त महिने वेगळे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी स्वतः चार महिन्यांची गरोदर होते आणि उलट्यांमुळे फक्त साळीच्या लाह्यांवर जगत होते, रात्रभर झोप नाही लागली.

(मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, काडी आहे नुसता. काळजी करून काही होत नाही.)

---

रानजाई | १२ जून, सायंकाळी ६:२०

डच लोकांपर्यंत जायची गरज नाही, पुण्यातच बघा की. केईएम हॉस्पिटलच्या रिसर्च सेंटरमधे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा अभ्यास केला. त्या बायका सरासरी ४२ किलोच्या आसपास, शेतात राबणाऱ्या, बाळं २.७ किलोची. तिकडे इंग्लंडात साउदम्प्टनची बाळं ३.५. आपली बाळं वजनाला एवढी हलकी, दंड बारीक, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरची चामडी चिमटीत धरून मोजली तर चरबी जवळजवळ तिकडच्या बाळांइतकीच. दिसायला किडकिडीत, आतून स्निग्ध.

आणि त्यांचा तो प्रसिद्ध फोटो, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, २००४. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय २२.३ च. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. तेव्हा "आमच्याकडे कुणी अंगानी नाही" या वाक्याला महाराष्ट्रात फारसा अर्थ नाही असं माझं मत. किडकिडीत माणसाच्या आतलं कुणी बघितलंय.

---

खारेदाणे | १२ जून, सायंकाळी ६:२८

"दिसायला किडकिडीत, आतून स्निग्ध". हे आमच्या एका साहेबांचं तंतोतंत वर्णन आहे.

---

अक्कणमाती | १२ जून, रात्री ९:५५

रानजाईचं वाचून लिहावंसं वाटलं कारण माझी गोष्ट चिंचपेटीच्या अगदी उलट आहे आणि तरी शेवट तोच झालाय.

माझा मुलगा २.१ किलोचा, पस्तिसाव्या आठवड्यात झालेला. पाच दिवस काचेच्या पेटीत. घरी आणल्यावर जो येईल तो "अगंबाई केवढंसं" म्हणायचा आणि मी आत जाऊन रडायचे. मग चालू झालं भरणं. दर तीन तासांनी दूध, ते संपलं की वरून पावडरचं, सहा महिन्यांपासून नाचणीसत्त्वात तूप, बदामपूड, केळं, नऊ महिन्यांपासून चमचा घेऊन घरभर पाठलाग. मोबाइलवर कावळ्याचिमणीची गाणी लावून वाटी संपवायची. सासरे पोस्टाच्या वजनकाट्यावर ठेवल्यासारखे आठवड्याला वजन करायचे आणि कॅलेंडरवर लिहायचे. एक वर्षाला साडेदहा किलो, घरात सत्यनारायण घातला.

आता साडेपाच वर्षांचा आहे आणि बीएमआय १९.८. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या लहान जन्मलेल्या बाळानी वाढ भरून काढायला हवी होतीच, पण उंचीबरोबर, हळूहळू. पहिल्या दोन वर्षांत नुसतं वजन धावलं तर ते चरबीत जातं. आम्ही वजनच मोजत होतो, उंची एकदाही नाही. ते कॅलेंडर मी अजून टाकलेलं नाही.

---

पाटीपेन्सिल | १२ जून, रात्री १०:३०

अक्कणमाती, हे ओपीडीत रोज दिसतं. आपल्याकडे मोठं बाळ आणि लहान बाळ दोन्ही टोकांना धोका आहे, आणि लहान बाळाचा धोका जास्त फसवा, कारण तिथे भरवणाऱ्याला वाटतं आपण चांगलंच करतोय. पण २.१ किलोच्या बाळाला पहिले काही महिने जपून भरवणं गरजेचंच होतं, ते चुकलं असं धरू नका. थांबायचं कुठे ते कुणी सांगितलं नाही, एवढंच.

---

माणदेशी_ताई | १३ जून, दुपारी १:१५

मी अंगणवाडी सेविका आहे, माण तालुक्यात. मराठी टायपिंग हळू होतं म्हणून आजवर कधी लिहिलं नाही.

तुमच्या गप्पा वाचून गंमत वाटली, कारण आमचं सगळं आयुष्य वजन वाढवण्यात गेलं. आधी तराजूला झोळी टांगून बाळ ठेवायचो, बाळ पाय झाडतं आणि काटा थरथरतो, आई म्हणते ताई थोडं जास्त लिवा. आता मोबाइलवर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमधे भरतो. त्यात जास्त वजनाचं पण दाखवतं. पहिल्यांदा एका पोराच्या नावापुढे तसं आलं तेव्हा मला वाटलं माझीच एंट्री चुकली, परत वजन केलं. चूक नव्हती. आई ऊसतोडीला जाणारी, स्वतः ३८ किलो, पोर जन्मताना २.२. आजीकडे ठेवलेलं. आजी बिचारी रडायला लागलं की पाच रुपयाचं पुडकं फोडते, बिस्कीट नाहीतर कुरकुरीत काहीतरी. उंची कमी आणि वजन जास्त, दोन्ही एकाच पोरात. त्याला कोणत्या रांगेत बसवायचं ते आम्हाला ट्रेनिंगमधे सांगितलं नव्हतं.

अजून एक. आमच्याकडच्या निम्म्या बाळंतिणी मिश्री लावतात. पोटूशी असताना जास्तच, मळमळ थांबते म्हणून. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला की मी त्या घरात शिरतेच. सोडायला सांगितलं की म्हणतात ताई दातालाच लावतोय, खात थोडीच हाय.

---

पाटीपेन्सिल | १३ जून, दुपारी २:००

माणदेशी ताई, तुम्ही लिहीत राहा, हळू टाइप झालं तरी चालेल. मिश्रीचं तुम्ही म्हणता त्याला मुंबईचा पुरावा आहे. १२१७ गरोदर बायकांवरचा अभ्यास, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे २००४ साली. मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी. दाताला लावलेली तंबाखू रक्तात जाते आणि रक्तातून वारेत. विड्या-सिगरेट ओढणाऱ्या आयांचं तर पाश्चात्य देशांत वारंवार दिसलंय की बाळ जन्मताना लहान आणि शाळेत जाईपर्यंत जाड.

---

विहीणबाई | १३ जून, दुपारी ४:३०

मी तीन बाळंतपणं केली लेकीसुनांची. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खसखस, सुंठ, सगळं केलं. कुणाची मुलं जाड नाहीत. आता तुम्ही डिंकाचे लाडूपण बंद करा म्हणणार का?

---

निंबोणी | १३ जून, दुपारी ४:५२

विहीणबाई, लाडवाला कोण नाही म्हणतंय. पण आमच्या आईच्या वेळी सकाळी एक लाडू, तो पण लिंबाएवढा, आणि बाळंतिणीला सव्वा महिन्यानंतर धुणंभांडी होतीच. माझ्या वेळी डबा उशाशी होता आणि लाडू टेनिसबॉलएवढे. मी चार महिने खात होते कारण संपतच नव्हते, माहेरचे संपले की सासरचे, मग आत्यानी नागपूरहून पाठवले.

---

ढब्बूमिरची | १३ जून, दुपारी ४:५९

आत्यांचा पत्ता मिळेल का.

---

विहीणबाई | १३ जून, सायंकाळी ५:२०

लिंबाएवढाच असतो लाडू. टेनिसबॉल कोणी सांगितला करायला! डिंक तुपात फुलवून हातानी चुरायचा, मिक्सरला लावला की त्याचं पीठ होतं आणि मग गूळ जास्त लागतो. तिथेच चुकतं तुमचं.

---

टिंबटिंब | १३ जून, सायंकाळी ६:०५

लाडवांचा वेगळा धागा काढा कृपया, परदेशात राहणाऱ्यांचे हाल होतात.

सिझर आणि वरच्या दुधाबद्दल कुणी बोललंच नाही अजून. चिंचपेटीनी दोन्ही लिहिलंय. मला इथल्या दाईनी सांगितलं होतं की सिझरच्या बाळाला जन्मवाटेतले जंतू मिळत नाहीत म्हणून ती पुढे जाड होतात.

---

पाटीपेन्सिल | १३ जून, रात्री ९:४०

सिझरचं नातं दिसतं, पण ते बरंचसं उसनं आहे. ज्या आयांचं वजन जास्त किंवा शुगर असते त्यांचंच सिझर जास्त होतं. स्वीडनमधे जवळपास ९७ हजार तरुणांचा अभ्यास झाला, आईचं आधीचं वजन हिशोबात धरल्यावर सिझरचा वेगळा असा वाटा उरला नाही. जंतूंची थिअरी ऐकायला छान आहे, पण चिंचपेटींनी त्या टाक्यांकडे बघून वाईट वाटून घेऊ नये.

अंगावरच्या दुधाचंही मी आधी छातीठोकपणे सांगायचो. नंतर बेलारूसचा प्रयोग वाचला, सतरा हजार मायलेकरं. अर्ध्या दवाखान्यांत स्तनपानाला जोरदार मदत केली, तिथल्या आया खरंच जास्त महिने पाजत होत्या. मुलं साडेसहा आणि मग साडेअकरा वर्षांची झाल्यावर तपासली, लठ्ठपणात घट नाही. दूध पाजावंच, जुलाब-न्यूमोनिया टळतात, इतर शंभर फायदे. पण दुसऱ्या आठवड्यात पावडर दिली म्हणून पोरगी जाड झाली, असं मी कुठल्याही आईला सांगणार नाही.

---

चिंचपेटी | १३ जून, रात्री ९:५८

डॉक्टर, हे वाक्य मी स्क्रीनशॉट काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंय.

---

खारेदाणे | १३ जून, रात्री १०:१२

रिप्लाय आला का?

---

चिंचपेटी | १३ जून, रात्री १०:१५

दोन निळ्या टिका. मग सासूबाईंनी सुविचार फॉरवर्ड केला.

---

रानजाई | १४ जून, सकाळी ८:०५

एक राहिलं. मुंबईत वस्त्यांमधे एक मोठा प्रयोग झालाय, प्रोजेक्ट सरस नावाचा. बायकांना दिवस राहायच्या आधीपासून रोज एक खाऊ द्यायचे, पालेभाजी, फळ, दुधाचा. दुसऱ्या गटाला कांदाबटाट्याचा. जन्माच्या वजनात फारसा फरक पडला नाही, पण गरोदरपणातली शुगर पालेभाजीवाल्यांमधे ७.३ टक्क्यांना निघाली आणि कांदाबटाटावाल्यांमधे १२.४. म्हणजे जे करायचं ते दिवस राहायच्या आधी! आपल्याकडे डोहाळजेवणाला पाच फळं ओटीत घालतात, सातव्या महिन्यात. लग्नात घालायला हवीत.

---

अक्कणमाती | १४ जून, सकाळी ९:२०

चिंचपेटीचा दुसरा प्रश्न राहिलाय, आता काय करायचं. आम्ही काय केलं ते लिहिते, डॉक्टर चुकलं तर सांगतील. वजन कमी करायला कुणीच सांगितलं नाही, उलट म्हणाल्या वजन आहे तिथे थोपवा, उंची वाढेल तसं टिंब आपोआप खाली येईल. पाठलाग बंद. ताटात आम्ही वाढतो, किती खायचं ते तो ठरवतो. हे सगळ्यात अवघड गेलं, वाटीत दोन घास उरले की माझा हात आपोआप चमच्याकडे जातो. दूध दिवसाला तीन कप होतं ते दीडवर. बाटली बंद, कपानी. आणि संध्याकाळी खाली, पाऊस असला तर जिन्यात. दहा महिने झाले, वजन ८०० ग्रॅम वाढलंय, उंची साडेसहा सेमी.

---

पाटीपेन्सिल | १४ जून, सकाळी ९:४५

काही चुकलेलं नाही. मी फक्त झोप घालेन. चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून दहा तास तरी हवेत, आणि अकराला झोपून सातला शाळेची बस असेल तर ते होत नाही.

आणि चिंचपेटी, मघाशी विचारायचं राहिलं. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तुमची ग्लुकोज टेस्ट परत केली होती का?

---

चिंचपेटी | १४ जून, सकाळी १०:३०

नाही. सांगितलं होतं बहुतेक, डिस्चार्जच्या कागदावर असेल. त्यावेळी टाके, दूध, जागरण, आणि नंतर लक्षातच नाही राहिलं. सगळे म्हणाले गरोदरपणातली शुगर डिलिव्हरी झाली की जाते.

---

पाटीपेन्सिल | १४ जून, सकाळी १०:४१

बऱ्याच जणींची जाते, आणि पुढे काही वर्षांत परत येते, कायमची. या आठवड्यात करून टाका. उपाशीपोटी, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी परत.

---

निंबोणी | १४ जून, सकाळी ११:१०

डॉक्टर, मीपण नाही केलेली. थोरला अकरा वर्षांचा आहे.

---

ढब्बूमिरची | १४ जून, सकाळी ११:१४

मीपण.

---

चिंचपेटी | २० जून, दुपारी १२:५०

केली. उपाशीपोटी १०८, दोन तासांनी १५६. मधुमेह नाही पण त्याच्या उंबऱ्यावर, असं सांगितलं. घरी कुणाला अजून सांगितलं नाही, इथेच पहिल्यांदा लिहितेय.

मजा बघा, लेकीला बरोबर नेलं होतं, पाळणाघराला सुट्टी होती म्हणून. दोन तास त्या बाकावर बसायचं होतं. ती म्हणाली आई तू एकटीच का पितेस सरबत, मलापण दे. मी म्हटलं हे सरबत नाही, औषध आहे. तिनी वास घेतला, बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली खोटारडी. मग दोन तास आम्ही दोघी लॅबच्या जिन्यावर वरखाली करत होतो. काउंटरवरची मुलगी ओरडली, मॅडम चालायचं नसतं, बसून राहायचं, रिपोर्ट चुकेल. मग मी बसले आणि ती एकटीच चढउतर करत राहिली, मी खालून पायऱ्या मोजत होते. एकोणीस.

---

निंबोणी | २० जून, दुपारी १:०५

माझी उद्या सकाळी आहे. लॅबला जिना आहे का बघते.

---

खारेदाणे | २० जून, दुपारी १:२२

चिंचपेटी, घरी सांग. आणि खिळेवाल्यांची पण करून घे गं.

---

चिंचपेटी | २० जून, दुपारी १:३०

शनिवारी दोघं जातोय. त्यांची आणि सासूबाईंची. सासूबाई म्हणतायत माझी कशाला, मी तर काडी आहे. मी त्यांना रानजाईचा तो दोन डॉक्टरांच्या फोटोचा प्रतिसाद वाचून दाखवला.